पिक्चर थांबवला नाही

आमच्या कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. सकाळी लॉकरमध्ये ठेवायचा, सुट्टी झाली की काढायचा. चार नोव्हेंबरला अडीच वाजता मी लॉकर उघडला तर एकोणीस मिस कॉल. शेजारच्या गीताबाईंना फोन लावला.

"भावजी, कुठं व्हता तुमी?" एवढंच म्हणून त्या रडायला लागल्या.

माझी बायको धुरपदा सकाळी अकरालाच गेली होती. कांद्याच्या रोपातलं गवत काढता काढता बांधावर टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यानंतरचे साडेतीन तास मी शिक्रापुरात खोकी भरत होतो. तिने दिलेला डबा खाल्ला. मेथी अळणी झाली म्हणून सोबतच्या म्हस्कूजवळ कुरकुरलोही.

कंपनीचा मालक परदेशी, त्यामुळे नाताळला हमखास सुट्टी. त्या दिवशी आमची मुलगी नीलम दौंडहून आमच्या गावी, केंदूरला यायची. ती रेल्वे लाइनीजवळ राहते. तिच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशी आमच्यासाठी केक द्यायच्या. त्यांनीच पेन ड्राइव्हवर एक नाताळचा पिक्चर दिला होता, हिंदीत बोलणारा. बर्फात अडकलेलं एक स्टेशन, म्हातारा स्टेशनमास्तर आणि सणाला घरी यायला निघालेला त्याचा मुलगा. चार वर्षं दर नाताळला आम्ही तोच पाहिला. धुरपदाला दुसरा चालत नसे.

"एवढं पाणी नुसतं पडून हाय ह्यांच्यात," बर्फ दिसला की ती म्हणायची. "आन् आमी लाइटीच्या मागं पळतूय."

"आई, बघ की गप," नीलम हसायची.

म्हातारा कंदील घेऊन फलाटावर यायचा आणि त्याच सुमाराला आमची विहिरीवरची मोटार सुरू व्हायची. ती ऑटोवर आहे. वीज आली की आपोआप चालते, पण वाफा भरला की दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला, माणूस लागतो.

"तुमी जाता का जरा?" पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं.

"आजचा दिस तरी बसू दे की," मी म्हणालो.

पुढच्या वर्षांत तिने विचारलं नाही. मोटारीचा आवाज आला की पदर खोचून उठायची.

"आज्जी, मी पॉज करते," आमची नात समृद्धी म्हणायची.

"कशाला? तिला दोन तास लागत्यात," मी म्हणायचो. "चालू दे."

"पोरगं येतंय का न्हाई, तेवढं सांगू नका कुनी," धुरपदा दारातून बजावायची. "म्होरच्या साली बघीन मी."

यंदा मी नको म्हणालो होतो, तरी नीलम आली. केक आला. समृद्धीने न विचारता पिक्चर लावला. म्हातारा फलाटावर आला आणि मोटार सुरू झाली. आम्ही तिघांनीही दाराकडे पाहिलं. मग मी उठलो.

कांद्याचं पाणी धरून परत आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. टीव्हीवर म्हातारा कंदील धरून तसाच उभा होता. बर्फ हवेत थांबला होता.

"तुमच्यासाठी पॉज केलाय, आबा," समृद्धी म्हणाली. "कवाच्या थांबलोय आमी."

"बंद कर."

"आबा, पण शेवट?"

नीलमने तिच्या हातातला रिमोट घेतला. मी मोरीत गेलो आणि पाय धुतले. चिखल गेल्यावरही पाणी ओतत राहिलो.

तो शेवट मी चार वेळा पाहिला आहे. धुरपदाला दाखवायचा राहिला.