पाळण्यांचा कडुनिंब

जानेफळच्या कडुनिंबावर त्या साली पानांपेक्षा पाळणे जास्त होते. झाडाखाली बसणाऱ्या बाबांच्या अंगाऱ्यानं ज्या घरी मुलगा झाला, त्या घरानं झाडाला लाकडी पाळणा टांगायचा, असा रिवाज पडला होता. बाजाराच्या दिवशी गाड्या जुंपून आलेली माणसं माना वर करून थक्क व्हायची.

"डाकदर पोट फाडून पाह्यते," बाबा डोळे मिटून म्हणायचे, "आमी नुसती फुंकर मारतो. आतल्या पोरीचा पोरगा होते!"

अंगारा फुकट, पण पथ्य कडक. बाळंतपणापर्यंत दिवसातून एकदाच मूठभर भगर. मुलगी झाली तर पथ्य मोडलं, पाप बाईचं.

शालिग्रामची बायको चांगुणा हे पथ्य पाळत होती. पाय सुजले, ओठ पांढरे पडले. शालिग्रामची बहीण कोकिळा नुकतीच बी.एस्सी. होऊन शाळेत लागली होती. ती आईला, वच्छलाबाईंना म्हणाली, "माय, वहिनीले जेवू दे. मरन ते."

"दोन पोरी झाल्या तिले. तिसरी झाली तं शालिग्राम दुसरी बायको करन. मंग खाऊन का करन ते?"

कोकिळानं गल्लीत अंगारा नेलेल्या पाच घरी विचारलं. चार घरी मुलगा!

"पाह्य! आता तूच सांगून राह्यली!" वच्छलाबाई खूश.

"पाच घरांनं काही कळत नाही, माय. नाणं पाचदा उडवलं तं चारदा छापा पडू शकते."

"मंग किती घरं पाह्यजेत तुले?"

"आकडा वर-खाली डोलणं थांबंपर्यंत."

आसपासच्या गावांत अंगारा नेलेलं दर तिसरं घर तिनं घेतलं, ओळखीचं असो वा नसो. दहा घरांत सात मुलगे. चाळीस घरांत बावीस.

"अजूनही पोरगेच जास्त," वच्छलाबाई म्हणाल्या आणि भगरीची मूठ तेवढीच ठेवली.

शंभर घरांत एकावन्न. आकडा निम्म्यावर स्थिरावला. पण तोवर चांगुणा बाळंतपणात गेली. मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता.

"पोरगा झाला का नाही?" बाजाराच्या दिवशी बाबा गरजले. "शब्द खरा! टांग पाळणा!"

रडत रडत शालिग्रामनं पाळणा टांगला. गर्दीनं जयजयकार केला.

कोकिळा पुढे झाली. "शंभर घरांत एकावन्न पोरगे. अंगारा न नेलेल्या घरांतही निम्मेच होतात. बाकीच्या एकोणपन्नास घरांचे पाळणे कुठी हायेत, बाबा?"

"त्या बायायनं पथ्य मोडलं!"

"म्या नाही मोडलं." मागून गर्दीतली झुंबरबाई उठली. "पोरगी झाली म्हणून सासूनं तापल्या उलथन्यानं डागलं. मले वाटे, मीच एकटी पापी."

तिच्याशेजारची उठली. मग तिच्यामागची. बायका उठतच राहिल्या. बाबांनी फुंकर मारायला तोंड उघडलं, पण तोंड कोरडं पडलं होतं.

शालिग्राम पुटपुटला, "मंग चांगुणा काऊन मेली?"

"उपाशी ठेवली आपण," कोकिळा म्हणाली. "म्हणून."

झाडावर टांगलेलं मोजून खरं कळत नाही. जे टांगलं गेलं नाही तेही मोजावं, आणि पुरेसं मोजावं. मात्र उपाशी बाईला भाकर वाढायची असेल, तर एकाही घराला विचारायची गरज नसते.