घोड्यासोबतचं सामान

अर्लिस फायरक्रोच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन गोष्टी कायम असायच्या: गार झालेली कॉफी आणि एक जाडजूड रजिस्टर. अमेरिकेत मोंटानातल्या त्यांच्या आदिवासी वस्तीतून जी माणसं गेली आणि परतली नाहीत, किंवा नको तशी सापडली, त्यांची नावं त्यात होती. आठ वर्षं ती एकटी लिहीत होती. तिच्याकडे एकसष्ट नावं, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, यादीत सात. बाकीच्यांतल्या कितीकांना काउंटीनं मृत्यूच्या दाखल्यावर 'वंश: गोरा' लिहून कागदावर गोरं करून टाकलेलं. जिवंतपणी कुणी केलं नाही, मेल्यावर फुकटात झालं, असं अर्लिस म्हणायची आणि स्वतःच खिदळायची.

त्या सोमवारी मात्र खिदळली नाही. धाकटी बहीण मेविस दारात उभी होती. तिची टेझी, वीस वर्षांची पोर, शुक्रवारी रोडिओला, घोडेस्वारीच्या स्पर्धेला, निघाली ती पोचलीच नव्हती. फोन बंद. मेविस तीन कचेऱ्या पालथ्या घालून आलेली. वस्तीचे पोलीस म्हणाले, हद्दीबाहेर हरवली. काउंटीचा पोलीस डेप्युटी म्हणाला, पोरगी वस्तीची, तुमचं तुम्ही बघा. केंद्राचा माणूस म्हणाला, सज्ञान आहे, तिची मर्जी.

"पीत बसली असेल कुठंतरी म्हणाला गं तो डेप्युटी, ताई," मेविस म्हणाली. "टेझीला बिअरचा वास सहन होत नाही."

अर्लिसनं रजिस्टर उघडलं, पेन टेकवलं आणि तिचा हात अडला. नाव लिहिलं की बासष्ट. बहिणीच्या पोरीला बासष्ट करायला ती तयार नव्हती.

"घोडा कुठला नेलाय तिनं?"

"तुझाच. बिस्किट."

अर्लिसनं रजिस्टर मिटलं, फोन उचलला आणि गुराढोरांच्या इन्स्पेक्टरला कळवलं की आपल्या मालकीचा डाग दिलेला घोडा गायब आहे. त्या मुलखात माणूस हरवला तर तो कुणाच्या हद्दीतला यावर महिनाभर वाद. डागलेलं जनावर हरवलं की हद्दबिद्द कुणी विचारत नाही. इन्स्पेक्टर ऑरव्हिल अर्ध्या तासात अंगणात, टोपी हातात धरून, मयताला आल्यासारखा.

त्यानं रंग विचारला, वय विचारलं, दात विचारले, डाग कुठल्या मांडीवर ते विचारलं. मग म्हणाला, "घोड्यासोबतचं सामान?"

"खोगीर एक. घोडा न्यायचा पांढरा ट्रेलर एक. निळी पिकअप एक. भाची एक. पाच फूट चार इंच, डाव्या भुवईवर व्रण, कानात मण्यांची कुडी."

ऑरव्हिलचं पेन थांबलं. "भाची सामानात धरत नाहीत, बाई."

"तिच्याशिवाय तो घोडा चारा खात नाही. लिहा."

त्यानं लिहिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त फॉर्म हा त्याचा देव होता. आणि देवाच्या दारात रकाना रिकामा ठेवायची त्याची छाती नव्हती.

संध्याकाळपर्यंत चार काउंट्यांत ट्रेलर थांबवून तपासले जात होते. तोच डेप्युटी हातात बिस्किटाचं वर्णन घेऊन हायवेवर उभा होता. मंगळवारी सकाळी एका ओढ्याकाठी बिस्किट चरताना सापडलं, आणि घोड्याच्या मागानं मागं मागं गेल्यावर दरीत उलटलेली निळी पिकअप. टेझी घोड्यासाठी भरलेल्या पाण्यावर चार दिवस जगली होती.

आठवड्यानं घरी कागद आला. घोडा: मिळाला, तब्येत उत्तम. खोगीर: मिळालं. ट्रेलर: चेपलेला. भाची: मिळाली, पाय मोडलेला. टेझी हरवली होती याचा सरकारदरबारी तेवढाच एक पुरावा. माणसांच्या यादीत ती कधी हरवलीच नव्हती, त्यामुळे सापडण्याचाही प्रश्न नव्हता.

अर्लिस तो कागद रजिस्टरात चिकटवत होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या वस्तीतली एक आई होती. पोरगी तीन दिवस घरी नाही, पोलीस लिहून घेत नाहीत.

"पोरीबरोबर घोडा होता का, गं?" अर्लिसनं विचारलं. "गाय? शेळी?"

नव्हतं काही. पोर चालत गेली होती.

अर्लिसनं खिडकीतून पलीकडं बघितलं. शेजारच्या लिओनार्डच्या कुरणात चाळीसेक वासरं चरत होती.

"होतं," ती म्हणाली. "तिच्याबरोबर एक वासरू होतं. तू फोन ठेवू नको, मी त्याचा डाग विचारून येते."