सोमवारची दहा मिनिटं

गडहिंग्लजच्या त्या पट्ट्यात केबिनचा ट्रॅक्टर दोघांतिघांकडेच होता, आणि एसी धड चालायचा तो एकट्या सिद्धाप्पाच्या ट्रॅक्टरचा. गंमत अशी की त्या ट्रॅक्टरनं वर्षभरात एक गुंठा रान नांगरलं नव्हतं.

दर सोमवारी पूजा आटोपली की म्हातारा कामाला लागायचा. फिल्टर काढून झटकायचा, कंडेन्सरच्या जाळीतला धुरळा दातांच्या जुन्या ब्रशनं काढायचा, पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा. मग इंजिन सुरू करून दहा मिनिटं एसी चालवायचा. एसी बरेच दिवस बंद राहिला तर सील वाळतं आणि गॅस निघून जातो, असं मेकॅनिकनं सांगितलं होतं. थंडी असो की पाऊस, खाडा नाही. डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं. त्याला कशाचं काही वाटेनासं झालं होतं, एवढंच. भाकरी पुढं आली की तो खायचा आणि दिवा मालवला की झोपायचा.

हे सगळं मुलगा गेल्यापासून. दोन हजार आठच्या एप्रिलात सोमेश या ट्रॅक्टरला रोटर जोडून रानातली ढेकळं फोडत होता. जाळीत भुसा बसून एसी गरम हवा फेकत होता आणि धुळीनं दम लागतो म्हणून पोराला काचाही उघडता येत नव्हत्या. मेकॅनिकला बोलवूया, असं त्यानं बापाला दोनदा सांगितलं.

"आमी काय एसीत वाढलो व्हय?" सिद्धाप्पा म्हणाला होता. "हातातलं रान उरक आदी."

तिसऱ्या दुपारी ट्रॅक्टर बांधाला टेकून घरघरत उभा होता आणि सोमेश आत स्टिअरिंगवर पडला होता. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्याभरात सिद्धाप्पा स्वतः जाऊन मेकॅनिकला घेऊन आला. आता कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सोमेशची बायको शिवलीला वर्षभर गप्प राहिली. सोमवारी इंजिन घरघरलं की ती हातातलं काम टाकून मागल्या दारी जाऊन बसे. शेवटी तिनं सासऱ्याला सांगितलं, दारात एकतर ट्रॅक्टर राहील नाहीतर मी. सिद्धाप्पानं मान हलवली. विकायचं ठरलं, आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

शिरोळकडचे अनेकांत पाटील नावाचे बागायतदार ट्रॅक्टर बघायला आले. भर दुपारी केबिनमध्ये बसले, एसी लावला आणि खूश झाले. जुन्या गाडीत असा गारवा त्यांनी पाहिला नव्हता. एवढी निगा कुणी राखली, असं त्यांनी उतरता उतरता विचारलं.

शिवलीला उंबऱ्यातनंच बोलली, "मामांनी. माणूस गेल्यावर."

ट्रॅक्टर तेवढा रस्त्याला लावून द्या, असं पाटील सिद्धाप्पाला कसंबसं म्हणाले. म्हातारा वर चढला. आजवर दहा मिनिटं तो बाहेरच उभा राहायचा, दार लावून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. आज पहिल्यांदा तो आत बसला आणि दार ओढून घेतलं.

चालू एसीची गार हवा तोंडावर आली. मानेवरचा घाम सुकला, श्वास मोकळा झाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं, आणि ते सुख होतं. त्याचा हात गिअरवर तसाच राहिला. पाटलांनी दोनदा काच वाजवली, तरी त्यानं मान वळवली नाही. मग शिवलीलानं येऊन दार उघडलं.

"पोरी," तो म्हणाला, "लई बरं वाटतंय गं हितं."

"त्यास्नीबी वाटलं असतं," शिवलीला म्हणाली.