माझ्या आवाजाचे मालक

मित्रांनो, पुढे जे ऐकाल ते माझ्या स्वतःच्या आवाजातले आहे, हे आधीच सांगून ठेवतो. हल्ली तेवढेही गृहीत धरता येत नाही. मी एक जुना टेबलफॅन आहे. पाती पितळी, जाळी एका बाजूला चेपलेली आणि मान सतत डावीकडून उजवीकडे फिरणारी. त्यामुळे मला प्रथमच पाहणाऱ्यांना वाटते, हा प्रत्येक गोष्टीला नकारच देतो. पूर्वी तसे काही नव्हते. आता थोडेसे आहे.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत असे. तिने मला चालू केले, डोळे मिटले आणि कान जाळीपाशी आणला. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "हं, जा." माझ्या आवाजाची ती पहिली परीक्षा होती. ती एका माणसाने, शेवटपर्यंत ऐकून घेतली होती. पुढच्या परीक्षेशी ताडून पाहण्यासाठी हे ध्यानात ठेवा.

तेथून मी आलो तो एका तंत्रशाळेतल्या शिक्षकांच्या घरी. ते विद्युत मोटारींचा विषय शिकवीत आणि त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या पत्नीला मी मनातल्या मनात मालकीणबाई म्हणतो, कारण माझे बटण नेहमी त्यांच्याच हाती असे. त्यांची मुलगी लहान असताना माझ्या मानेतला वॉशर झिजला. दुकाने बंद होती. मास्तरांनी मुलीची आखूड झालेली रबरी चप्पल कापली, तिचा गोल तुकडा आत बसवला आणि म्हणाले, "तात्पुरता आहे."

तो तुकडा किंचित जाड होता. मान डावीकडच्या टोकाला पोहोचली की 'टक्' असा आवाज येऊ लागला. मास्तरांनी लवकरच खरा वॉशर आणून बसवला. त्या दिवशी मुलगी झोपेनाच. रडून रडून तिने घर डोक्यावर घेतले.

"अहो, तिचा टक् तिला परत द्या बघू," मालकीणबाई म्हणाल्या.

तात्पुरता वॉशर परत माझ्या मानेत आला. खरा अजून डबीत पडून आहे.

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. मास्तर मला वर्गात नेत, मुलांना डोळे मिटायला सांगत आणि विचारीत, "काय बिघडलंय, सांगा." कोणी म्हणे बेअरिंग, कोणी म्हणे पाते वाकले आहे. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पंख्याचं लग्न ठरवताय का? सारखा नाहीच म्हणतोय!" त्या दिवशी मास्तरसुद्धा हसले होते.

निवृत्तीनंतर मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर मोबाईल उभा केला आणि एकेक पाठ चित्रित करून इंटरनेटवरच्या आपल्या चॅनेलवर ठेवायला सुरुवात केली. दूरदूरचे कारागीर ते पाहून यंत्रे दुरुस्त करू लागले. मध्येच स्वयंपाकघरातून "अहो" अशी हाक आली की मास्तर कपाळाला हात लावीत आणि तेवढा भाग कापून टाकीत. पाठात अनावश्यक काही नको, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला. स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना. याचा अर्थ घरातल्या सर्वांना कळला होता. जे पाठ झाले ते झाले, ते पुन्हा होणार नव्हते.

आणि अशा वेळी चॅनेल ज्या संकेतस्थळावर होते, त्याची एक सूचना आली. 'आवाजावरून दोष ओळखणे' या पाठात दुसऱ्याच्या मालकीचा ध्वनी आढळला होता. पाठ काढून टाकण्यात आला होता. यापूर्वी दोनदा असे झाले होते. एकदा दारावरच्या घंटेच्या सुरावटीवर कोणी हक्क सांगितला, एकदा खिडकीबाहेर ओरडणाऱ्या पक्ष्यावर. दोन्ही वेळा मास्तरांनी वाद नको म्हणून तेवढा आवाज पुसून टाकला होता, तरी ताकिदी खात्यावर राहिल्याच होत्या. ही तिसरी. आठवड्याच्या आत ती खोटी ठरली नाही, तर सगळे चॅनेल बंद होणार होते, सगळ्या पाठांसह.

"पण यात गाणं नाही, बाजा नाही," मास्तर पुटपुटले. "आहे तो फक्त हा पंखा."

दावा माझ्या आवाजावर होता, मित्रांनो! झोप आणणारे आवाज विकणाऱ्या एका कंपनीचे म्हणणे होते की माझी घरघर तिच्या मालकीची आहे. आता ही घरघर त्या कंपनीकडे गेली कशी? येथून घरात संशय शिरला. मालकीणबाई मोबाईल जवळ असला की माझ्यावर चादर टाकू लागल्या. मास्तर कोणी घरात आले की मला बंद करीत. मीही मान थांबण्यापूर्वी प्रत्येकाकडे निरखून पाहू लागलो. इस्त्रीवाला दारात जास्तच वेळ उभा राहतो का? शेजारीण रिकामी वाटी परत द्यायला आली, की कान द्यायला?

सर्वांत मोठा संशय मात्र जावयावर होता. तो जाहिरातींना आवाज जोडण्याचे काम करीत असे आणि मागच्या सुट्टीत त्याने माझ्यासमोर माइक ठेवलेला मी पाहिला होता. मास्तरांनीही पाहिला होता. शेवटी त्यांनी फोन लावून विचारलेच.

"जावईबापू, खरं सांगा. आमचा पंखा कितीला विकलात?"

 जावई म्हणाला, "बाबा, विकायचंच असतं तर तुमचं घोरणं विकलं असतं. त्याला मागणी जास्त आहे."

"थट्टा पुरे!"

तेवढ्यात फोन लेकीने घेतला. "त्यांना काही बोलू नका, बाबा. माइक मीच ठेवायला लावला होता. इकडे आल्यापासून मला तो टक् ऐकल्याशिवाय झोप येत नाही. माझ्यासारखे आणखी कोणी असतील, त्यांनी फुकट ऐकावं, म्हणून मी तो आवाज इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला. कोणी उचलून स्वतःचा म्हणेल, हे डोक्यातच आलं नाही हो."

 मास्तरांनी जावयाची क्षमा मागितली आणि चौघांनी मिळून कंपनीची ती ध्वनिफीत लावली. आधी घरघर, मग टक्. माझाच टक्! आणि थोड्या वेळाने, अगदी मंद, पण स्पष्ट: "अहो, दिवा बंद करा की!"

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मी जगभर ओरडतेय?"

फोनवर लेक-जावई पोट धरून हसत होते. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मुद्देसूद हरकत लिहिली: पंखा माझा, वॉशर माझ्या मुलीच्या चपलेचा, आवाज माझ्या पत्नीचा. पाठवल्याबरोबर, ऐकायला लागतो त्यापेक्षाही कमी वेळात उत्तर आले. ध्वनीतील स्त्री कोणाचेही नाव घेत नाही, सबब ती कोणाला उद्देशून बोलते हे सिद्ध होत नाही. दावा कायम.

"आई, तुम्ही बाबांना नावानं हाक मारली असती तर काम झालं असतं," जावई म्हणाला.

"तर तुमचे सासरे दचकून पलंगावरून पडले असते," मालकीणबाई म्हणाल्या. "अहो म्हणजे दुसरं कोण? एवढंही कळत नाही त्या मेल्यांना?"

मित्रांनो, खरेच कळत नव्हते, कारण ऐकणारा कोणी माणूस नव्हताच. यंत्राने यंत्राचा आवाज जुळवला होता आणि यंत्रानेच निकाल दिला होता. मी स्वतः यंत्र आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, आम्हाला काम सांगावे, न्याय सांगू नये.

या वेळी संपूर्ण पाठच मुका केला तर ताकीद रद्द होण्याची सोय होती. त्याचे बटणही समोरच होते. मास्तरांचे कापरे बोट त्याच्यावर जाऊन थांबले. आवाजाचा पाठ, आणि तोच मुका? त्यांनी बोट मागे घेतले. जावयाने सुट्टी काढली, मूळ ध्वनिमुद्रण शोधले आणि माणसाने ऐकावे अशी मागणी तो पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. मुदत संपता संपता कोणीतरी ऐकले असावे. पाठ परत आला. खेदाचा एक शब्द नाही, की चूक कोणाची याचा उल्लेख नाही.

येथे गोष्ट संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण मास्तरांनी, खात्रीसाठी म्हणून, कंपनीची ध्वनिफीत पुन्हा लावली. घरघर होती, टक् होता. 'अहो' मात्र नव्हते. कंपनीने तेवढेच खरवडून काढले होते आणि बाकीचा मी अजून विकला जात होतो.

म्हणून मी आज प्रत्येकाला मान हलवून नकार देतो, आणि तुम्हाला एवढेच विनवतो: कोणाचे तोंड बंद करण्यापूर्वी त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. कारखान्यातली ती बाई ऐकत असे, तसे. आणि तुमच्या घरातले आवाज जपा. ते कोणाचे आहेत, हे तुम्हीच सांगितले नाही तर दुसरा कोणी तरी सांगेल.

मास्तर आता फक्त बोलून शिकवतात, हात टेबलाखाली ठेवून. मी शेजारी चालू असतो. पाठ रंगात आला की स्वयंपाकघरातून मुद्दाम, चांगली खणखणीत हाक येते, "अहो!"

मास्तर थांबतात. "ऐकतोय," म्हणतात. आणि तेवढा भाग ते आता कापत नाहीत.