जमिनीखालची रेंज

आबांना मोबाईल हवा होता, पण मेल्यावर. त्याआधी नको म्हणाले. जिवंत माणसाचं कोणीतरी ऐकतंच, निदान हूं तरी म्हणतं.

रविवारची भक्ती आटपून आम्ही घरी आलो होतो, आई भाकरी थापत होती, तेव्हा त्यांनी हे सांगितलं. "मला पेटीत ठिवाल ना, तवा उजव्या हाताला एक फोन ठिवा. साधा. बटनाचा."

आईचा हात पिठातच थांबला. "मामा, असं अभद्र कशाला बोलायचं?"

"अभद्र काय त्यात? मरनार तर हायेच. मी फक्त फोन मागतोय."

आम्ही नेवाशाजवळच्या एका गावातले ख्रिस्ती. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, त्यामुळे अशी मागणी निदान करता तरी येते. मी मार्क, त्यांचा नातू. नगरच्या एमआयडीसीतली नोकरी सुटल्यापासून घरीच असतो, म्हणून घरातली जी कामं कोणाचीच नसतात ती माझी असतात. हेही माझं झालं.

मागणीमागे कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. यशया आबांनी आयुष्यभर दवाखान्याची गाडी चालवली. तरुणपणी एकदा ते नगरहून एक प्रेत गावी पोचवायला निघाले असताना मागून आवाज आला, "घोडेगाव गेलं का?" आबा गाडी थांबवून शेतात पळाले. थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं, म्हणून परत आले आणि म्हणाले, "न्हाई, अजून यायचंय." तो माणूस पुढे कितीतरी वर्षं जगला. बाजारात भेटला की आबांना भेळ खाऊ घालायचा. ही गोष्ट आमच्या घरात हसण्यासाठी सांगायचे. मरिया आजी गेली त्या दिवसापासून ती कोणीच सांगितली नाही.

आजी जाऊन तीन वर्षं झाली. पेटीचं झाकण लावताना आबांना तिची करंगळी हललेली दिसली. "थांबा," ते म्हणाले. लोकांना वाटलं, बायको गेलीय, म्हातारा थांबाच म्हणणार. कोणीतरी त्यांना खांद्याला धरून बाजूला घेतलं, खिळे ठोकले, आणि आबा दुसऱ्यांदा थांबा म्हणाले नाहीत. सगळे पांगल्यावर अंधार पडेपर्यंत ते कबरीच्या मातीला कान लावून पडून राहिले. काही ऐकू आलं नाही. पण एवढ्या मातीतून आवाज वर येतच नसेल तर? ती खालून हाका मारत असेल आणि आपण वर नुसते पडलेलो असू तर? तेव्हापासून आबा हा प्रश्न जेवणाआधी, जेवणानंतर आणि जेवणाऐवजी घेत होते.

तर फोन.

नेवाशात स्टँडजवळ वाल्मिकचं मोबाईलचं दुकान आहे. शाळेत तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. माल खपवण्याचा गुण त्याच्यात तेव्हापासूनच होता, फक्त तेव्हा तो पेपरमधली उत्तरं खपवायचा.

"या आबा. कोनासाठी पायजे?"

"माज्यासाठी."

"वापर किती?"

"लई न्हाई. झाला तर एकदाच."

वाल्मिकने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मग साधाच बघू." त्याने काचेवर तीन फोन मांडले. "ह्याच्यात कॅमेरा हाय."

"तिथं कशाचा फोटू काढायचा?"

"ह्याच्यात एफएम. गानी ऐका दिवसभर."

"गानी वरती म्हनत्यात लोक."

"मग हा घ्या. टॉर्च एकच नंबर."

टॉर्चवाला आबांनी हातात घेतला. लावला, बंद केला, पुन्हा लावला. "हे बरंय. कुटं हाय ते दिसंल तरी." मग त्यांनी दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवले, डोळे मिटले आणि मांडीजवळ धरलेल्या फोनची बटणं अंगठ्याने चाचपायला सुरुवात केली. कोपर अजिबात हलू देत नव्हते. रिचार्ज करायला आलेली एक बाई दोन पावलं मागे सरकली.

"बॅटरी किती पुरंल?"

"आठवडा कुटं गेला नाय, आबा."

"तेवढी काय करायची? तवर हवा संपती."

आता मात्र वाल्मिकने काचेवर कोपरं टेकली. "आबा, तुमी नेमकं निघालाय कुटं?"

आबांनी त्याला सगळं सांगितलं, पुण्याला लग्नाला जायचंय अशा आवाजात. वाल्मिकचं कौतुक असं, की तो शेवटपर्यंत दुकानदारच राहिला. "मग रिचार्ज कोनता मारू? महिन्याचा मारला आन तुमी दिवाळीत गेला, तर पैसं पान्यात."

"वर्साचा मार."

"आन वर्सात न्हाई गेला तर?"

"तर मार्क मारंल पुढचा."

मारीन, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागेल, असं वाल्मिकने करून दिलं. आबांनी तिथेच दाबून पाहिलं. माझ्या खिशात फोन वाजला.

"उचलशील ना रं?"

"उचलीन."

"आंघुळीला गेल्ता तर?"

"तसाच येईन पळत."

"तसाच येऊ नगंस. बायाबी असत्यात तिथं."

सगळं ठरलं होतं. वाल्मिक फोन खोक्यात घालत होता आणि घालता घालता सहज म्हणाला, "पन आबा, खाली रेंज मिळंल का? आमच्याकडं तर आतल्या खोलीत मिळत न्हाई."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. हा विचार आम्हा दोघांपैकी कोणालाही आला नव्हता. परतीच्या जीपमध्ये ते खोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मधूनमधून त्यावर हात ठेवत होते, आत काहीतरी जिवंत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमृतला बोलावलं. आमच्या कबरी अमृत खणतो. तो खोरं, टिकाव घेऊन कबरस्तानात आला आणि डोक्यावरची टोपी काढून गंभीर झाला.

"कोन गेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग माप कुनाचं घिऊ?"

"फोनचं."

अमृतने टोपी परत घातली. पण बोलता बोलता त्याची नजर आबांच्या डोक्यापासून पायापर्यंत एकदा जाऊन आली. सवय असते माणसाला.

चर्चचे पाळकसाहेब त्या दिवशी नगरला मीटिंगला गेलेत, हे आबांनी आधीच काढून ठेवलं होतं. आजीच्या शेजारची जागा त्यांची ठरलेली आहे, तिथेच खणायचं म्हणाले. तपासणी जिथल्या तिथेच व्हायला पाहिजे. खोली पुरती पाहिजे. लोखंडी पेटी चालणार नव्हती, म्हणून मी चर्चमधून हार्मोनियमचं लाकडी खोकं आणलं. त्यात आवाज पूर्ण मोठा करून फोन ठेवला, झाकण लावलं. अमृत ते घेऊन खाली उतरला, नीट पूर्व-पश्चिम ठेवलं आणि वर आला.

"माती किती टाकू?"

"सगळी," आबा म्हणाले.

"आबा, परत काढायचीय ती."

"तिच्यावर किती टाकली हुतीस?"

अमृत मातीच्या ढिगाकडे वळला. पहिलं खोरं लाकडावर पडलं तेव्हा जो आवाज झाला तो मला ओळखीचा होता. आबांनी तोंड फिरवलं. मला एवढ्यात घरी जावंसं वाटायला लागलं, पण मीच तो माणूस होतो ज्याला फोन लावायचा होता.

माती पुरी भरल्यावर मी फोन लावला. बाईने सांगितलं की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. कबरस्तानात उभं राहून हे ऐकताना बाई चुकीचं बोलतेय असं म्हणता येत नव्हतं.

"टावर वस्तीच्या अंगाला हाय," अमृत म्हणाला. "जरा थांबून लावा."

थांबून पुन्हा लावला. तेच. आबा खाली बसले होते, त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. मी आणखी एकदा लावला आणि कानात रिंग जायला लागली.

"लागला!" मी म्हणालो. "आबा, रेंज आहे. लागतो फोन."

आबा उत्तर द्यायच्या आधी आडवे झाले. त्यांनी मातीला कान लावला आणि एक बोट वर करून मला गप्प केलं. मग माझ्याकडे न बघताच जवळ ये अशी खूण केली. मीही आडवा झालो.

वाजत होतं. फोनमध्ये आधीपासून असते तीच धून, वाढदिवसाला लावल्यासारखी आनंदी. इतकी बारीक, की मडक्यात डास अडकलाय असं वाटावं. पण वाजत होतं, हे नक्की. अमृतसुद्धा वाकला आणि त्याने "आयला" म्हणून लगेच तोंडावर हात ठेवला.

मला आनंद झाला. उजेड, बटणं, बॅटरी, रेंज, सगळं जमलं होतं. मी आबांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा मातीवरच होता.

"मार्क," ते म्हणाले, "एवढंसं डबडं हाय ते."

"हो."

"तरी ऐकू येतंय."

"येतंय ना."

"तिचा आवाज कसा हुता, आठवतं का तुला?"

आठवायला कशाला पाहिजे? आजी ओट्यावरून हाक मारायची आणि मी कॅनॉलवर पोहत असलो तरी कपडे घालायला लागायचो. पलीकडच्या वस्तीवरची पोरंसुद्धा उगाच घरी जायची.

"तिनं हाक मारली असती," आबा म्हणाले, "नुसतं ठोकलं असतं, तरी मला आलं असतं ऐकू. मी हितंच हुतो. कान लावून हुतो."

रिंग संपली. खालचा आवाजही बंद झाला.

"म्हंजी ती गेलीच हुती," आबा म्हणाले.

मी म्हणालो, "हो आबा. डॉक्टरांनी पण तेच सांगितलं होतं." मला वाटलं त्यांना बरं वाटेल. तीन वर्षं आम्ही सगळे त्यांना हेच पटवत होतो. पण आबा उठले नाहीत. तिथेच, कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन रडायला लागले. दफनाच्या दिवशी रडले नव्हते. तेव्हा ती गेली की नाही हे त्यांचं ठरायचं होतं. आता ठरलं. मी पटवून दिलं, नव्या फोनने.

अमृतने बराच वेळ वाट पाहिली, मग हळूच माती काढायला लागला. खोकं वर आलं. फोनवर माझा मिस्ड कॉल होता. मी फोन बाहीने पुसून आबांच्या हातात दिला, तर त्यांनी दोनचं बटण बघितलंसुद्धा नाही.

"रंगूचा नंबर सांग."

रंगुबाई म्हणजे आजीची धाकटी बहीण, मिरजगावला असते. दफनाला आली होती, रडून रडून तिची शुद्ध हरपली होती. मी माझ्या मोबाईलमधून एकेक आकडा सांगत गेलो आणि आबांनी तो अंगठ्याने दाबला. आवाज अजून मोठाच होता, त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हा तिघांना ऐकू येत होतं.

"कोन बोलतंय?"

"रंगू, मी यशया."

"दाजी? ह्यो कुनाचा नंबर? बरं हाय ना समदं?"

"रंगू, मरिया गेली."

पलीकडे कुठेतरी एक बकरी ओरडली. मला वाटलं आता रंगुआजी म्हणेल, दाजी, असं काय करताय, डोकं ठिकाणावर आहे का? मी फोन घ्यायला हातही पुढे केला.

"कवा?" तिने विचारलं.

आबांनी बाहीने नाक पुसलं. "आत्ताच."

"बरं." मग तिचा आवाज फुटला. "मी निघते, दाजी. तुमी एकटं बसू नका."

"सावकाश ये," आबा म्हणाले.

ते फोन हातात धरून बसून राहिले. मी आणि अमृत खड्डा पुन्हा भरायला लागलो. आत काही नव्हतं, तरी अमृतने शेवटी वर उंचवटा केला, चारी बाजूंनी खोऱ्याने थापून नीट बसवला. मग बाजूला होऊन टोपी काढली.