अर्धं बोलणं

निवृत्त लिफ्ट-तपासनिसाने हेडफोनची पिन सातव्यांदा आत सारली आणि पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात स्पीकरचं चित्र तसंच. हेडफोन जोडलाय हे लॅपटॉपच्या गावीही नव्हतं. त्याने वहीतल्या सातव्या मुद्द्यावर काट मारली. लॅपटॉप बंद-चालू करून झाला होता, आवाजाची सेटिंग उलटसुलट करून झाली होती, ड्रायव्हर काढून पुन्हा घालून झाला होता. तोच हेडफोन रेडिओला लावला तर खणखणीत वाजत होता. तीस वर्षं लिफ्ट तपासलेल्या माणसाला एक पक्कं ठाऊक होतं, बिघाड हवेतून येत नाही.

"राहू द्या ना तसाच," आतल्या खोलीतून बायको म्हणाली. "आवाज येतोय ना? मग झालं तर."

तिचं शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं.

आवाज येत होता, हीच तर अडचण होती. दर रविवारी पाच वाजता लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. दोन वर्षांपूर्वी लेकीने लग्न उरकून मग फोनवर कळवलं, तेव्हा बायकोने एवढंच म्हटलं होतं की यापुढे तिचा आवाज माझ्या कानावर पडता कामा नये. बायको बोलायची कमी, पण शब्दाची पक्की. तेव्हापासून तो हेडफोन लावून बोलायचा आणि ती आत मशीन चालवायची. कॉल संपल्यावर तो काही सांगायचा नाही, ती काही विचारायची नाही. हाताची घडी, तोंडावर बोट.

गेल्या रविवारी मात्र "बाबा, ऐकू येतंय का?" हे भर खोलीत घुमलं. त्याने घाईघाईने झाकण मिटलं आणि लेकीला लिहून कळवलं, लॅपटॉप बिघडलाय, पुढच्या रविवारी बोलू. पुढचा रविवार उद्यावर आला होता. दोन वर्षं जपलेला तह आपल्या हातून मोडेल, याची त्याला खरोखरच धास्ती वाटत होती. आणि लेकीला फोन करू नकोस म्हणणं त्याच्याने होणार नव्हतं.

लॅपटॉप पिशवीत घालून तो बाजारातल्या दुरुस्तीवालीकडे गेला. पन्नाशीची बाई, कपाळावर भिंग चढवलेलं. तिने वही वाचली, खोडलेले सातही मुद्दे पाहिले आणि सगळं करून बघितलंत, फक्त भोकात डोकावला नाहीत, असं म्हणाली. त्या भोकात एक बारीक पट्टी असते, पिन पूर्ण आत गेली की ती दबते, तेव्हा कुठे लॅपटॉपला कळतं, हेही तिने समजावलं. मग टॉर्च धरून बारीक चिमट्याने तिने काहीतरी ओढून काढलं आणि कागदावर ठेवलं.

पिवळ्या दोऱ्याचा बोळा होता. गच्च दाबलेला, सुईने ठासल्यासारखा.

"लहान मुलं आहेत का घरात?" तिने विचारलं.

"नाहीत," तो म्हणाला. "अजून नाहीत."

त्याने बोळा उचलून पाहिला. पंधरा दिवसांपासून मशीनवर पिवळं, झबल्याएवढं कापड होतं. गिऱ्हाइकाचं असेल, असं त्याने धरलं होतं. लिफ्टच्या दोरातली एक तुटकी तार वीतभर अंतरावरून ओळखणारा माणूस, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. मागच्या महिन्यात आपण काय काय बोललो, ते त्याला आठवू लागलं. डॉक्टर काय म्हणाले? जड काही उचलू नकोस. मग बराच वेळ नुसतं हं, हं. आत बसलेल्या बाईच्या वाट्याला दोन वर्षं हे असं अर्धंच बोलणं आलं होतं, आणि तरी तिने कधी उरलेलं मागितलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"हा परत बसवता येईल?" त्याने विचारलं.

"काका, लोक माझ्याकडे काढायला येतात," ती म्हणाली. पण त्याच्या तोंडाकडे पाहून तिने चिमटा पुन्हा उचलला.

घरी आल्यावर बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि झालं का, म्हणून विचारलं.

"नाही होत म्हणे. हे आता असंच चालायचं."

"हल्लीच्या वस्तूच तसल्या," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला, आतल्या खोलीच्या दाराकडे थोडा वळवला आणि आवाज पूर्ण वाढवला. हेडफोन त्याने खणात टाकला होता. आत मशीन चालू होतं.

"बाबा, बिघाड सापडला का?" लेक म्हणाली. "बरं, ऐका ना, काल तपासणी झाली. बाळ छान आहे म्हणाले. मीच जरा दमते, बूटसुद्धा होत नाहीत हल्ली."

मशीन थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दारात कोणी आलं नाही.

"अहो," बायको आतूनच म्हणाली, "पायांना सूज आहे का, विचारा तिला."

पडद्यावर लेकीचा हात तोंडाशी गेला. विचारायची गरज पडली नाही. लॅपटॉपचा माइक पहिल्यापासून ठणठणीत होता.