मुराळीण

"परत उरली!" हिराबाईने टोपावर डाव आपटला. "गाईंची नावं घातलीत का शालेत? रोज त्यानलाच खिचडी घालते मी."

हरेश सरांनी मान खाली घातली. बंगालची पोरं आजही आली नव्हती. डोळखांबच्या रस्त्याला नवं गोदाम बांधणाऱ्या मजुरांची ती पोरं. बांगलादेशी शोधायला पोलीस तिथं आले, बापांना घेऊन गेले. कागद खरे निघाले, बाप सुटले, पण आयांनी पोरं खोलीत कोंडली ती कोंडलीच.

"पोलिसांची गाडी अजून फाट्यावर उभी असते मावशी," सर म्हणाले. "पोरं नाय आली तर शाळाच बंद होईल. पण आपण त्यात पडायचं म्हणजे..."

"तुमी नका पडू. मी चालत जाते."

हिराबाईच्या डोळ्यांसमोर राही होती. ताट पुढे करून "आरेकटू" म्हणणारी. तिच्या भाषेत म्हणे आणखी थोडं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी हिराबाईने काठाचं लुगडं नेसलं, फडक्यात तांदळाच्या भाकरी बांधल्या.

"आत्याबाय, नटून कुठं?" सून नम्रताने विचारलं.

"मुराळीण म्हणून. राहीला आणायला."

"अवो, पोलीस उचलतील ना!"

"उचलू दे. तेवढीच पायपीट वाचंल."

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जातो तो मुराळी. सासू कितीही खाष्ट असो, त्याला रिकामा परत धाडत नाहीत. नम्रताने कपाळाला हात लावला, पण शेजारणींना हाका मारत मागोमाग निघालीच.

फाट्यावर हवालदार साईनाथ आडवा आला. "मावशी, त्या लोकांचे तुमी कोण लागता?"

"मुराळीण. तुझ्या आजीनं तुझ्या आईला माहेरी धाडायला नाय म्हटलं, तवा दारात बसून कोणी आणली तिला? तू कडेवर होतास. वाटंत माझं लुगडं भिजवलंस!"

बायका खो खो हसल्या. साईनाथ कानापर्यंत लाल झाला. "जा मावशी."

"आनि आमी माघारी येऊ तवा ती गाडी बाजूला घेऊन ठेव. पोरं बिचकतात."

राहीच्या आईने मात्र दार उघडलं नाही. "नहीं भेजेगा. स्कूल से उठा के ले जाएगा."

हिराबाई उंबऱ्यावर बसली. फडकं सोडलं. "बाय गो, आमी पण भिवंडीला वीटभट्टीवर राहायचो. आमच्या पोरांना शालेत न्यायला कोणी नाय आलं. मी आलेय. भाकर घे, लेक दे. सांजच्याला मीच आणून घालीन. तू पण चल, शालेत बस."

त्यातलं तिला किती कळलं देव जाणे. भाकरीचा वास मात्र आत गेला असावा. कडी निघाली. राही दप्तर पाठीला लावूनच बसली होती.

मग शेजारच्या खोल्यांचीही दारं उघडली. भर रस्त्यातून वरात निघाली: मध्ये पोरं, दोन्ही अंगांना बायका, पुढे नाक वर करून हिराबाई. पोलिसांची गाडी पार चिंचेखाली सरकली होती. साईनाथ भलतीकडेच बघत होता.

हरेश सर पळत फाटकाशी आले. हिराबाई त्यांना म्हणाली, "घ्या. तुमची शाला आणली."

मधल्या सुट्टीत पंगत बसली. राहीची आई भिंतीला टेकून लेकीला जेवताना बघत होती. राहीने ताट पुढे केलं.

"आरेकटू!"

तिच्या मागून पाड्याच्या पोरांनीही ताटं वाजवली. "आरेकटू! आरेकटू!"

हिराबाईने टोप आडवा करून बघितला. खरवडसुद्धा उरली नव्हती. दुपारी गाय नेहमीसारखी कुंपणाशी आली, तेव्हा हिराबाईने तिला रिकामा टोप दाखवला, मग पदराने तोंड पुसलं आणि उपाशीपोटीच ताटं घासायला बसली.